लॅटिनो नर्सिंग विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती : पैसे नेमके कुठे द्यावेत?

मेघना_टेक्सास

नमस्कार मंडळी,

आमच्या सॅन अँटोनिओच्या मराठी मंडळाकडे यंदा काही रक्कम शिल्लक आहे आणि ती याच शहरातल्या एखाद्या शिक्षणाच्या कामाला द्यायची असं कार्यकारिणीत ठरलं आहे. मी इथे नर्सिंगच्या मुलामुलींना हॉस्पिटलमधलं प्रात्यक्षिक शिकवते, म्हणून टिपण करायचं काम माझ्याकडे आलं. ते लिहिता लिहिता विषय बराच मोठा निघाला. इथे अमेरिकेतले आणि भारतातले, दोन्हीकडचे अनुभवी लोक आहेत, म्हणून सगळं इथेच मांडते.

हे शहर सुमारे ६४ टक्के लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेत मुळं असलेल्या लोकांचं आहे (यांनाच हिस्पॅनिकही म्हणतात). बहुतेकांची मुळं मेक्सिकोत, आणि कित्येक घराणी टेक्सास अमेरिकेत येण्याच्या आधीपासून इथली. १९४५ साली पनामाहून इल्दाउरा मुरिओ-रोडे नावाची तरुण मुलगी इथे नर्सिंग शिकायला आली. एवढी स्पॅनिश बोलणारी वस्ती असूनही हॉस्पिटलांत त्या समाजातल्या नर्स जवळजवळ दिसत नाहीत, हे तिच्या लगेच लक्षात आलं. पुढे १९७१ मध्ये त्या न्यूयॉर्क विद्यापीठातून डॉक्टरेट झाल्या. केंद्र सरकारच्या शिक्षण आणि संशोधन अनुदानांचे अर्ज तपासायला वॉशिंग्टनला जायच्या, तिथेही आपल्या समाजातली दुसरी नर्स त्यांना दिसेना. पैसे कुणाला द्यायचे हे ठरवणाऱ्या टेबलावर आपलं माणूस नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. १९७५ मध्ये त्यांनी स्पॅनिशभाषक नर्सेसना एकत्र आणलं. तीच संघटना १९७९ पासून ‘नॅशनल असोसिएशन ऑफ हिस्पॅनिक नर्सेस’ या नावाने ओळखली जाते. तिच्या शाखा गावोगावी आहेत आणि राष्ट्रीय शिष्यवृत्तीशिवाय अनेक शाखा आपापल्या भागातल्या विद्यार्थ्यांना स्वतःहून मदत करतात.

आज स्थिती काय आहे? २०२० च्या जनगणनेत अमेरिकेतले लॅटिनो ६ कोटी २१ लाख, म्हणजे १८.७ टक्के. २०२२ च्या राष्ट्रीय परिचारिका सर्वेक्षणात नोंदणीकृत नर्सेसमध्ये त्यांचं प्रमाण ६.९ टक्के. नर्सच्या हाताखाली अंघोळ घालणाऱ्या, कूस बदलणाऱ्या, बेडपॅन देणाऱ्या मदतनिसांत मात्र लॅटिनो बायका भरपूर. त्या वॉर्डात आहेतच. पण औषध देण्याचा, रुग्णाची तपासणी करून डॉक्टरला फोन लावण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाही.

इथल्या कम्युनिटी कॉलेजमधून दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून नोंदणीकृत नर्स, म्हणजे आरएन, होता येतं. प्रवेशाआधीचे अ‍ॅनाटॉमी, मायक्रोबायोलॉजी वगैरे विषय धरले तर तीन-चार वर्षं जातात. फी तुलनेने कमी असते. म्हणूनच मला पडलेला प्रश्न हा : ‘फी भरायला मदत’ असं ठरवून आपण पैसे दिले, तर ते खरंच अडलेल्या जागी पोहोचतील का? माझ्या वर्गातल्या मुली सोडून जातात त्या फीमुळे क्वचित. जातात त्या शिफ्ट, मूल, गाडी आणि घरभाडं यांच्यापायी.

तुमचं म्हणणं वाचायला आवडेल.

---

रेवती_आरएन

मेघनाताई, अगदी मनातलं लिहिलंत. मी न्यू जर्सीत हडसन काउंटीत काम करते. जर्सी सिटीच्या इंडिया स्क्वेअरपासून युनियन सिटी गाडीने जवळच, पण त्या गावात शिरलं की दुकानाच्या पाटीपासून बसच्या सूचनेपर्यंत सगळं स्पॅनिश. आमच्या मजल्यावर रात्रपाळीच्या मदतनीस इक्वाडोर आणि डॉमिनिकन रिपब्लिकच्या. कामात इतक्या तयार की नवीन नर्सला त्याच शिकवतात.

त्यांना आरएन का होता येत नाही, हे मी जवळून पाहिलंय. क्लिनिकलचे, म्हणजे हॉस्पिटलमधल्या प्रात्यक्षिकाचे, दिवस कॉलेज ठरवतं, आठवड्यातून दोन, कधी तीन, आणि पूर्ण दिवस. त्या दिवसांची ड्युटी सोडली की तास कमी होतात. तास ठरावीक मर्यादेखाली गेले की नोकरीतून मिळणारा आरोग्य विमा जातो. तो विमा नवऱ्याचा आणि मुलांचाही असतो. म्हणजे नर्स व्हायचं तर सगळ्या घराचा विमा पणाला लावायचा. हे कुठल्याही शिष्यवृत्तीच्या अर्जात विचारलेलं मी पाहिलं नाही.

दुसरं रुग्णांच्या बाजूने. दहा-बारा वर्षांचा मुलगा आईच्या पलंगाशी उभा राहून तिच्या रक्तस्रावाबद्दल डॉक्टरला सांगतोय, हे बघवत नाही. मुलांना दुभाषा म्हणून वापरायचं नाही असा केंद्राचा नियम आहे, आणीबाणीचा प्रसंग सोडून. फोनवर किंवा पडद्यावर दुभाषा मिळतोही. पण पहाटे तीनला रुग्ण घाबरलेला असतो तेव्हा खोलीत शिरलेली नर्स थेट त्याच्याशी बोलू शकली, की तो वेगळंच बोलतो. घरगुती औषध घेतलंय हे सांगतो, गोळ्या परवडत नाहीत म्हणून अर्ध्या करून खाल्ल्या हेही सांगतो.

---

विसुभाऊ

विषय चांगला आहे, पण एक शंका मनापासून विचारतो. विशिष्ट समाजापुरती शिष्यवृत्ती कशासाठी? गरीब विद्यार्थी कुठल्याही वंशाचा असू शकतो. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हे कायद्यात बसतं का? मंडळाने उद्या एखाद्या खटल्यात सापडू नये.

---

मेघना_टेक्सास

विसुभाऊ, शंका रास्त आहे.

जून २०२३ चा हार्वर्ड खटल्याचा निकाल (विद्यार्थी निवडताना वंश विचारात घेऊ नये) प्रवेशाबद्दलचा होता, शिष्यवृत्तीबद्दल थेट नव्हता. पण त्याचा धाक सगळीकडे पसरला. टेक्सासात २०२३ मध्येच एसबी-१७ कायदा झाला, जानेवारी २०२४ पासून लागू आहे, आणि सरकारी विद्यापीठांतली विविधता कार्यालयं बंद झाली. जानेवारी २०२५ मध्ये मॅकडॉनल्ड्सच्या ‘हासेर’ शिष्यवृत्तीवर दावा पडला. ती १९८५ पासून चालू होती आणि आई-वडिलांपैकी एक तरी लॅटिनो असावा अशी अट होती. कंपनीने काही दिवसांतच तडजोड केली आणि ती अट काढून लॅटिनो समाजासाठी काय योगदान दिलं ते अर्जदाराने दाखवावं, असा निकष आणला.

मला हा बदल पटतो, आणि केवळ खटल्याच्या भीतीने नाही. आडनाव गार्सिया आहे पण स्पॅनिश येत नाही, शिकून झाल्यावर डॅलसच्या उपनगरात जायचंय, अशा मुलीपेक्षा शहराच्या पश्चिम भागातल्या दवाखान्यात काम करायला तयार असलेली कुणीही मुलगी आपल्या पैशाला जास्त न्याय देईल. मग ती व्हिएतनामी असो की मराठी. प्रत्यक्षात अशा निकषांवर निवड केली की निवडलेल्यांत लॅटिनो मुलीच जास्त येतात, कारण तिथे राहतात त्या आणि ती भाषा बोलतात त्याच.

आणि ‘कशासाठी’ याचं उत्तर रेवतीने दिलंच आहे. मी एवढीच भर घालते की प्रौढ लॅटिनोंमध्ये मधुमेहाचं निदान झालेले साधारण १२ टक्के आहेत, गोऱ्या लोकांत ७ टक्क्यांच्या आसपास. मधुमेह सांभाळायचा म्हणजे रोजच्या जेवणाबद्दल, पायाच्या जखमेबद्दल, इन्सुलिनच्या भीतीबद्दल बोलावं लागतं. आजीच्या हातच्या तोर्तिया (मेक्सिकन पोळ्या) किती खायच्या, हे समजावणारी नर्स त्या स्वयंपाकघरात वाढलेली असेल तर आजी ऐकते.

---

आबा_मिरज

मी मिरजेत नर्सिंग स्कूलमध्ये शिकवून निवृत्त झालो. आमच्या गावाचं आणि अमेरिकेचं या क्षेत्रातलं नातं जुनं आहे. अमेरिकन मिशनच्या डॉक्टर वानलेस साहेबांनी १८९४ मध्ये इथे दवाखाना उभा केला आणि त्यालाच लागून नर्सिंगचं शिक्षण सुरू झालं. तेव्हाही प्रश्न हाच होता की वॉर्डात येणाऱ्या बाईशी तिच्या बोलीत बोलणार कोण? म्हणून इथल्याच मुली शिकवल्या.

मला विचारायचंय ते बंधपत्राबद्दल. आपल्याकडे सरकारी महाविद्यालयातून डॉक्टर झालेल्यांना बंधपत्रित सेवा असते, आणि किती जण दंड भरून सुटका करून घेतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिकडे ‘स्थानिक समाजाची सेवा करीन’ म्हणून पैसे घेतले आणि नंतर केली नाही तर काय होतं? नुसत्या वचनावर पैसे देता का?

---

मेघना_टेक्सास

आबा, तुमचा प्रतिसाद आल्याने बरं वाटलं.

केंद्र सरकारची ‘नर्स कोअर’ योजना हे त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण. तिच्यात फी, पुस्तकं आणि इतर खर्च मिळतो, शिवाय दरमहा खर्चाला रक्कम मिळते. बदल्यात पास झाल्यावर किमान दोन वर्षं अशा ठिकाणी काम करायचं जिथे नर्सची तीव्र टंचाई आहे : गरीब वस्तीतली सरकारी मदतीवरची आरोग्य केंद्रं, सार्वजनिक हॉस्पिटलं, ग्रामीण दवाखाने. सेवा केली नाही तर घेतलेलं सगळं व्याजासकट परत. अर्जदारांत ज्यांची आर्थिक गरज सर्वात जास्त त्यांना प्राधान्य असतं. अर्ज येतात भरपूर, मिळते थोड्यांना.

हिची दुसरी बाजूही आहे. आधी स्वतः कर्ज काढून शिकलात आणि मग टंचाईच्या जागी दोन वर्षं राहिलात, तर पात्र कर्जापैकी ६० टक्के सरकार फेडतं. तिसरं वर्ष राहिलात तर आणखी २५ टक्के. शिकवणाऱ्यांनाही ही सवलत आहे. मला हा दुसरा प्रकार माणुसकीला जास्त धरून वाटतो. एकोणीस वर्षांच्या मुलीने पुढच्या पाच वर्षांवर सही करण्यापेक्षा, काम करणाऱ्या बाईने केलेल्या कामाचं फळ घ्यावं.

आमच्या छोट्या रकमेला बंधपत्र जोडू नये असं माझं मत आहे. या मुली शहर सोडून जात नाहीत. आई इथे, भावंडं इथे. त्यांना बांधून ठेवायला कागद लागत नाही. पास होईपर्यंत टिकवून ठेवायला मात्र हात लागतो.

---

चारुलता_एलए

मी लॉस एंजेलिसला एका शाळेत समुपदेशक आहे. एक फार महत्त्वाची बाजू अजून आली नाही, कागदपत्रांची.

नर्स कोअरला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांसाठीची केंद्राची ‘पेल’ अनुदानं (२०२५-२६ मध्ये वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर) यांनाही तसंच. लहानपणी आई-वडिलांबरोबर विनापरवाना आलेली, इथेच पहिलीपासून शिकलेली मुलं या दोन्हींतून बाहेर पडतात. मग त्यांना उरतात राज्याच्या आणि खाजगी शिष्यवृत्त्या. कॅलिफोर्नियात २०११ च्या ड्रीम कायद्यांमुळे राज्याची मदत मिळते आणि २०१४ च्या एसबी-११५९ मुळे व्यावसायिक लायसन्सही इमिग्रेशनच्या स्थितीमुळे अडत नाही. न्यूयॉर्कने २०१६ मध्ये ‘डाका’ परवाना (लहानपणी विनापरवाना आलेल्यांना तात्पुरतं राहू आणि काम करू देणारा) असलेल्यांसाठी नर्सिंगसकट अनेक लायसन्स खुली केली. पण अनेक राज्यांत अभ्यास करता येतो आणि लायसन्स मिळत नाही. म्हणून मी मुलांना आधी लायसन्सचा नियम बघायला लावते आणि मग कॉलेज.

टेक्सासचं तर मेघनाला जास्त माहीत. २००१ पासून अशा मुलांना राज्यातल्या रहिवाशाची फी लागायची. जून २०२५ मध्ये केंद्राने दावा लावला आणि राज्यानेच मान्य केल्यामुळे तो कायदा कोर्टाने रद्द केला.

‘हिस्पॅनिक स्कॉलरशिप फंड’ बद्दलही लिहिते, तो १९७५ पासून आहे. ५०० ते ५,००० डॉलर देतात, डाका असलेली मुलंही अर्ज करू शकतात. शाळेतून निघणाऱ्यांना (४ पैकी) ३.० सरासरी लागते, कॉलेजात असणाऱ्यांना २.५. अर्जाची खिडकी जानेवारीत उघडते आणि फेब्रुवारीच्या मध्याला बंद होते. ‘द ड्रीम डॉट यूएस’ ही २०१४ मध्ये सुरू झालेली संस्था खास कागदपत्रं नसलेल्या मुलांसाठी आहे आणि तिथल्या रकमा मोठ्या असतात.

आणखी एक. स्वतः अमेरिकन नागरिक असलेल्या मुलीसुद्धा केंद्राचा मदतीचा फॉर्म भरायला घाबरतात, कारण त्यात आई-वडिलांची माहिती द्यावी लागते आणि वडिलांकडे कागद नसतात. अलीकडे ही भीती फार वाढली आहे. अशा मुलीला हक्काचं पेल अनुदान सोडून द्यावं लागतं आणि कुणाला त्याचं कारणही सांगता येत नाही. तुमच्या मंडळाच्या अर्जात कृपया केंद्राच्या फॉर्मची प्रत बंधनकारक करू नका. साधं उत्पन्नाचं निवेदन पुरे.

---

नीलकंठ_नागपूर

चारुलताताईंचा प्रतिसाद वाचून वाईट वाटलं आणि बरंच नवीन कळलं. दोन्ही ताईंचे आभार.

---

पूर्वा_शिकागो

शिकागोचं एक काम सांगते, कारण पैसे कसे द्यावेत याचं उत्तर मला तिथे दिसलं.

‘इन्स्तितुतो देल प्रोग्रेसो लातिनो’ ही इथली जुनी संस्था. त्यांनी २००५ मध्ये ‘कार्रेरास एन सालुद’ सुरू केलं. नर्सिंग असिस्टंट, मग प्रॅक्टिकल नर्स, मग आरएन अशी पायरीपायरीने वर न्यायची व्यवस्था. ज्या बाईचं शिक्षण मेक्सिकोत सहावी-सातवीपर्यंत झालंय तिच्यासाठीही त्यात जागा आहे, कारण पहिली पायरी आरोग्याच्या शब्दांसकट इंग्रजी शिकायची आहे. प्रत्येक पायरीनंतर पगार वाढतो, त्यामुळे पुढच्या पायरीची हिंमत येते.

आणि ज्या मेक्सिको, कोलंबियात आधीच नर्स होत्या आणि इथे येऊन घरं साफ करतायत, त्यांच्यासाठी ‘शिकागो बायलिंग्वल नर्स कन्सॉर्टियम’ आहे. सॅन फ्रान्सिस्कोला याच विचाराचं ‘वेलकम बॅक सेंटर’ २००१ मध्ये निघालं. या बायकांना पुन्हा पूर्ण पदवी लागतेच असं नाही. तिथल्या विद्यापीठाची कागदपत्रं मागवणं, ती तपासून घेणं, इंग्रजीची परीक्षा आणि मग एनक्लेक्स, म्हणजे नर्सच्या लायसन्सची परीक्षा, एवढं पार पडलं तर तयार नर्स मिळते. यातली प्रत्येक गोष्ट शे-दोनशे, चारशे डॉलरची. पण एकाही ठरलेल्या शिष्यवृत्तीत ती बसत नाही, कारण ती कुठल्या कॉलेजची विद्यार्थिनी नसते.

छोटं मंडळ असेल तर अशा जागा शोधाव्यात असं मला वाटतं. मोठ्या फंडांना इतक्या बारीक रकमा देता येत नाहीत.

---

विसुभाऊ

मेघना, सेवेचा निकष पटला. पूर्वाने लिहिलंय ते तर फारच पटलं. पण एक सांगा, मदत देऊन खरंच फरक पडतो याचा काही पुरावा आहे का? सभेत लोक विचारतील.

---

मेघना_टेक्सास

आहे, आणि तो आमच्याच शहरातला आहे.

१९९० मध्ये लीव्हाय स्ट्रॉसने इथला कारखाना बंद केला. सुमारे हजार माणसं, त्यात बहुसंख्य मेक्सिकन-अमेरिकन बायका, एका फटक्यात बेकार झाल्या. शिवणयंत्रावर आयुष्य गेलेलं आणि दुसरं काम येत नाही. तेव्हा चर्चच्या आधाराने वस्त्यांत काम करणाऱ्या ‘कॉप्स’ आणि ‘मेट्रो अलायन्स’ या लोकसंघटनांनी मालकांना जाऊन विचारलं की तुम्हाला उद्या कोणती माणसं लागणार आहेत? हॉस्पिटलांनी सांगितलं, नर्सेस. त्यातून १९९२ मध्ये ‘प्रोजेक्ट क्वेस्ट’ उभं राहिलं.

ते काय देतात ते नीट बघा. फी तर देतातच. शिवाय पुस्तकं, गणवेश, बसभाडं, पाळणाघराला मदत, लायसन्सच्या परीक्षेची फी. आणि दर आठवड्याला समुपदेशकाबरोबर बैठक. बैठकीत अभ्यास कसा करायचा इथपासून नवरा रागावतो त्याचं काय करायचं इथपर्यंत सगळं बोललं जातं.

याचा शास्त्रीय अभ्यास झाला. २००६ ते २००८ मध्ये आरोग्यक्षेत्रात शिकू इच्छिणाऱ्यांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागलं, एकाला क्वेस्टची मदत मिळाली आणि दुसऱ्याला नाही. बहुतेक सहभागी लॅटिनो बायका होत्या. नऊ वर्षांनी पाहिलं तेव्हाही मदत मिळालेल्यांची कमाई दुसऱ्या गटापेक्षा स्पष्ट जास्त होती. नोकरीसाठीच्या प्रशिक्षणाचा फायदा इतकी वर्षं टिकलेला क्वचितच दिसतो. पहिल्या वर्षी तर मदत घेणाऱ्यांची कमाई कमीच होती, कारण त्या शिकत होत्या, आणि नेमका तोच काळ निभावून नेण्याचं काम क्वेस्टने केलं.

याच धर्तीवर दक्षिणेला रिओ ग्रान्देच्या खोऱ्यात १९९५ मध्ये ‘विडा’ सुरू झालं. मॅकॅलन, ब्राउन्सव्हिल हा सगळा सरहद्दीचा भाग, ९० टक्क्यांहून जास्त वस्ती लॅटिनो आणि डॉक्टर-नर्सची टंचाई कायमची. तिथून शिकून तिथेच हॉस्पिटलात लागलेल्या नर्सेस मला परिषदांमध्ये भेटतात. त्यांना बोलताना ऐकलं की पैसा कुठे लागतो याबद्दल शंका राहत नाही.

---

सुहृद

मी हिशेबनीस आहे, काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. त्या न बघता पैसे दिले तर ते विद्यार्थिनीपर्यंत न पोहोचता कॉलेजच्याच खिशात राहतात.

पहिली. बाहेरची शिष्यवृत्ती आली की कॉलेजचं आर्थिक मदत कार्यालय ती हिशेबात धरतं. एकूण मदत शिक्षणाच्या ठरवलेल्या एकूण खर्चापेक्षा जास्त जाऊ शकत नाही. मग ते स्वतःचं अनुदान तेवढ्याने कमी करतं. तुम्ही हजार दिले, कॉलेजने हजार काढून घेतले, मुलीच्या हाती काहीच नाही! मेरीलँडने २०१७ मध्ये सरकारी कॉलेजांना हे करायला बंदी घातली, नंतर कॅलिफोर्नियासकट आणखी काही राज्यांनी. टेक्सासात कॉलेजला आधीच विचारा आणि लेखी घ्या की आमची रक्कम आली तर कर्ज आधी कमी होईल, अनुदान नाही.

यावर एक उपाय आहे जो मुलींना माहीत नसतो. पाळणाघराचा आणि जास्तीच्या प्रवासाचा खर्च दाखवून ‘एकूण खर्चा’चा आकडा वाढवून मागता येतो. कार्यालयाला तो अधिकार आहे. आकडा वाढला की बाहेरच्या मदतीला जागा होते.

दुसरी गोष्ट कराची. फी आणि आवश्यक पुस्तकांसाठी वापरलेली शिष्यवृत्ती करमुक्त असते. घरभाडं, पाळणाघर, पेट्रोल यांसाठी दिलेली रक्कम करपात्र उत्पन्नात धरली जाते. उत्पन्न कमी असल्याने बऱ्याच जणींना प्रत्यक्ष कर लागणार नाही, पण पत्रात स्पष्ट लिहा. नर्स कोअरचे पैसे तर सेवेच्या अटीमुळे करपात्रच आहेत, फीसकट. लोकांना ते नंतर कळतं आणि धक्का बसतो.

तिसरं, मंडळाने स्वतः निवड करण्यापेक्षा कॉलेजच्या फाउंडेशनमार्फत (कॉलेजच्या देणग्या सांभाळणाऱ्या संस्थेमार्फत) द्यावं. हिशेब, पावत्या, गोपनीयता सगळं तेच बघतात. स्वतःच करायचं असेल तर निकष लेखी ठेवा आणि समितीतल्यांचे नातेवाईक अपात्र ठरवा.

---

रेवती_आरएन

सुहृद, खर्चाचा आकडा वाढवून मागता येतो हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. उद्याच आमच्या मजल्यावर दोघींना सांगते.

मेघनाताई, तुमच्या टिपणात एनक्लेक्सचा मुद्दा ठळक घ्या. परीक्षेचे २०० डॉलर, त्यावर राज्याची लायसन्स फी, बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमी तपासणी. हे सगळं नेमकं अशा वेळी येतं जेव्हा कॉलेज संपलेलं असतं, म्हणजे शिष्यवृत्ती थांबलेली असते आणि नर्सचा पगार सुरू झालेला नसतो. त्यात उजळणीच्या वर्गाची फी वेगळी. आमच्याकडे एक मुलगी पास होऊन कित्येक महिने परीक्षेला बसली नाही, पैसे साठवत होती. तितक्या काळात वाचलेलं विसरायला होतं.

---

प्राजक्ता_ह्यूस्टन

नमस्कार, मी इथे वाचते, लिहीत नाही फारशी. माझ्या सासूबाईंची काळजी घ्यायला एक बाई येतात, होंडुरासच्या. त्यांची मुलगी इथेच जन्मलेली, यंदा बारावीला आहे आणि तिला नर्स व्हायचंय. आईला या सगळ्यातलं काही कळत नाही, त्या मला विचारतात. सुरुवात कुठून करू?

---

मेघना_टेक्सास

प्राजक्ता, बरं केलंस विचारलंस.

मुलगी नागरिक आहे, म्हणजे पेल अनुदानाची वाट मोकळी आहे. आधी घरच्यांशी बोलून केंद्राच्या फॉर्मबद्दल ठरवा. चारुलताने लिहिलेली भीती त्यांनाही असेल तर शाळेच्या समुपदेशकाशी आणि विश्वासातल्या वकिलाशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका. जानेवारीत हिस्पॅनिक स्कॉलरशिप फंडचा अर्ज भरायला तिच्याबरोबर बस. निबंध तिनेच लिहावा, पण आईबरोबर पेशंटच्या घरी जाऊन ती काय काय करते ते तिला लिहायला सांग. या मुलींना ते ‘काम’ वाटत नाही, म्हणून त्या लिहीत नाहीत. निवड समितीत बसते म्हणून सांगते, शाळेच्या क्लबांच्या यादीपेक्षा ते किती तरी जड असतं.

कॉलेज ठरवताना तिथल्या नर्सिंग विभागात किती मुली पास होतात आणि एनक्लेक्सचा निकाल किती लागतो ते बघा. राज्याच्या नर्सिंग बोर्डाच्या संकेतस्थळावर असतं. फी महाग आणि निकाल वाईट असं खाजगी कॉलेज टाळा, त्यात कर्ज डोक्यावर राहतं आणि लायसन्स हाती येत नाही. बहुतेक कम्युनिटी कॉलेजांत फाउंडेशनचा एकच अर्ज भरला की तिथल्या सगळ्या छोट्या शिष्यवृत्त्यांसाठी विचार होतो. तो भरायचं विसरतात आणि कित्येकदा पैसे पडून राहतात.

नर्सिंगला प्रत्यक्ष प्रवेश मिळाला की हिस्पॅनिक नर्सेसच्या ह्यूस्टनमधल्या सभांना तिने जावं. सभासद झाल्यावर शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. पण पैशापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे तिथे तिला तिच्यासारख्या घरातून आलेल्या नर्सेस भेटतील. घराण्यात पहिलीच शिकणारी असेल तर पहिल्या नापास पेपरनंतर फोन करायला कुणीतरी लागतं.

---

आबा_मिरज

प्राजक्ता, त्या मुलीला माझा आशीर्वाद सांग.

मेघना, एक विनंती. शिकवणाऱ्यांचाही विचार तुझ्या टिपणात असू दे. वर्गापुढे उभी राहणारी बाई त्यांच्यातली असेल तर मुली टिकतात, हे मी स्वतः पाहिलंय. आमच्याकडे गडहिंग्लज, जतच्या मुली कोल्हापूरच्या ट्यूटरपाशी रडायच्या नाहीत, जतच्याच ट्यूटरपाशी रडायच्या.

---

मेघना_टेक्सास

आबा, घेतलं. १९७४ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनमार्फत अल्पसंख्याक नर्सेसना पुढच्या शिक्षणासाठी फेलोशिप सुरू झाली, मुख्यतः मानसिक आरोग्य क्षेत्रात. त्यातून शिकलेल्या अनेक जणी पुढे प्राध्यापक झाल्या. आमच्या रकमेच्या आवाक्यातलं ते नाही, पण टिपणात उल्लेख करते.

सगळ्यांचं वाचून सभेपुढे ठेवायचा मसुदा असा केला आहे. रक्कम कॉलेजच्या फाउंडेशनमार्फत द्यायची. तीन भाग करायचे. सर्वात मोठा भाग शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थिनींना, पाळणाघर, प्रवास आणि बुडालेली शिफ्ट यांसाठी. दुसरा एनक्लेक्स आणि लायसन्सच्या खर्चासाठी. तिसरा, लहान, परदेशात नर्स झालेल्यांच्या कागदपत्रांसाठी. हा मात्र फाउंडेशनला देता येणार नाही, त्यासाठी वेगळी संस्था शोधावी लागेल. निकष : शहराच्या पश्चिम किंवा दक्षिण भागात राहणं किंवा तिथे काम वा स्वयंसेवा केलेली असणं, रुग्णाशी स्पॅनिशमध्ये बोलता येणं, आर्थिक गरज. वंश, आडनाव, इमिग्रेशनची स्थिती विचारायची नाही. बंधपत्र नाही. दोन शिफारसपत्रं आणि एका पानाचा निबंध.

काही राहिलं असेल तर रविवारच्या आधी सांगा.

---

पूर्वा_शिकागो

शिफारसपत्र एकच ठेव, आणि ते प्राध्यापकाचंच हवं असं लिहू नकोस. जिथे काम करते तिथल्या चार्ज नर्सचं किंवा वस्तीतल्या दवाखान्याचंही चालेल असं लिही. नोकरी करून शिकणाऱ्या बाईला प्राध्यापक ओळखत नसतात, चार्ज नर्स ओळखते.

---

सुहृद

आणि पैसे सेमिस्टरच्या शेवटी देऊ नका. पहिल्या आठवड्यात द्या, पाळणाघराची अनामत तेव्हाच भरावी लागते.

---

मेघना_टेक्सास

दोन्ही बदल केले. रविवारी सभेत काय ठरलं ते इथेच कळवते.